हाकेच्या अंतरावर

माननीय संपादक,
स. न.

ईश्वराने नेमून दिलेले जीवितकार्य कसे ओळखावे, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. परंतु हे कार्य कुठेतरी दडवून ठेवलेले असते आणि पुरेसे आत्मचिंतन केले की ते हाती लागते, हे लेखामागचे गृहीतक मात्र मला पटले नाही.

विल्यम विल्बरफोर्स यांचेच पाहा. ब्रिटिश संसदेत निवडून येऊन पाच वर्षे झाली असताना, १७८५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांच्यात तीव्र धर्मश्रद्धा जागी झाली आणि राजकारण सोडून धर्मकार्याला वाहून घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. सल्ला विचारायला ते जॉन न्यूटन यांच्याकडे गेले. हे न्यूटन तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होते आणि पुढे धर्मोपदेशक झाले होते. त्यांनी विल्बरफोर्स यांना आहे तिथेच राहायला सांगितले. ईश्वराने आपल्यापुढे गुलामांच्या व्यापाराचे निर्मूलन आणि लोकांच्या आचरणाची सुधारणा अशी दोन मोठी कार्ये ठेवली आहेत, ही विल्बरफोर्स यांच्या दैनंदिनीतील प्रसिद्ध नोंद त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १७८७ मध्ये केलेली आहे. म्हणजे कार्य सापडले ते हातातल्या कामाचा त्याग केल्यामुळे नव्हे, तर त्यात टिकून राहिल्यामुळे. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा त्यांचा प्रस्ताव संसदेत ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला गेला. व्यापारबंदीचा कायदा २८३ विरुद्ध १६ अशा मतांनी संमत होण्यास १८०७ साल उजाडावे लागले. मधली वर्षे साक्षीपुरावे गोळा करण्यात, नकार पचवण्यात आणि तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडण्यात गेली. शिवाय त्या नोंदीतले दुसरे कार्य आज फारसे कोणाला आठवतही नाही. ज्याला इतकी स्पष्ट हाक ऐकू आली, त्यालाही आपले कोणते काम तडीस जाणार हे आधी कळले नव्हते, याची मला गंमत वाटते आणि थोडा धीरही येतो.

स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करावी, असे ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. फुले आपल्या आवाक्यातलीच खुडावी लागतात, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावतो. मात्र ‘स्वधर्म’ या शब्दाचा आधार घेऊन माणसांना पिढ्यान् पिढ्या जन्माने ठरलेल्या कामाला जखडून ठेवले गेले, हे विसरून चालणार नाही. जे काम दुसऱ्याने लादले आणि नाकारण्याची मुभाच ठेवली नाही, त्याला ईश्वराची योजना म्हणणे ही लबाडी आहे. काहींना खरोखरच घर सोडावे लागते. अल्बर्ट श्वाइट्झर तिशीत वैद्यकशास्त्र शिकू लागले आणि १९१३ साली रुग्णसेवेसाठी आफ्रिकेतील लांबारेने येथे गेले. पण त्यांनीही तोपर्यंतची वर्षे अध्ययन, अध्यापन आणि संगीत यांत मन लावून घालवली होती. हाक येण्याची वाट पाहत ते हातावर हात ठेवून बसले नव्हते.

हे सारे लिहावेसे वाटण्याचे कारण एक तरुण आहे. जीवितकार्याविषयी बोलायचे म्हणून त्याने मला घरी बोलावले होते. समोर वही उघडी होती आणि तो मोठ्या प्रामाणिकपणे, शब्द शोधत, बोलत होता. तेवढ्यात आतून अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची हाक आली. ‘आलोच,’ असे म्हणून त्याने बोलणे पुढे चालू ठेवले. दुसऱ्या हाकेलाही तेच झाले. तिसऱ्या हाकेला मात्र तो उठला. वडिलांना कुशीवर वळवून, ओली चादर बदलून परत यायला त्याला वीस मिनिटे लागली. मला दाखवण्यासाठीच लिहिलेली, ‘ईश्वराने माझ्यावर सोपवलेले’ असे शीर्षक असलेली यादी तेवढ्या वेळात मी वाचून काढली. तिच्यात अकरा गोष्टी होत्या. वडिलांचा उल्लेख कुठेही नव्हता.

आपला,
एक नियमित वाचक