दोन टांग्यांची तेफळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'घरातल्या जुन्या पाककृती पाठवा' हे आवाहन वाचून आनंद झाला. खालच्या अटी वाचल्या आणि तो अर्ध्यावर आला. मजकूर टाइप केलेला हवा, दीडशे शब्दांच्या आत हवा आणि मापं वाटी-चमच्यांतच हवीत. पहिल्या दोन अटी ठीक आहेत. तिसरी माझ्याच्याने पाळवणार नाही.

माझ्याकडे आजोबांची वही आहे. आजीची नव्हे, आजोबांचीच. ते लग्नामुंजीचे आचारी. गोव्यातल्या म्हार्दोळ, मंगेशी, कवळे या पट्ट्यात देवळांच्या अग्रशाळांतून (देवळाच्या आवारातल्या धर्मशाळांतून) त्यांनी जन्मभर पंगती उठवल्या. बोलायचं कोकणीत, लिहायचं मराठीत आणि मध्येच एखादी ओळ मोडीत. त्या पिढीत यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आता वाटतं, तो विषय वेगळा.

वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, दुकानदार ठेवतात तसली उभी वही. तिच्यात कृती अशा फारशा नाहीतच, याद्या आहेत. "२०० पानें. तांदूळ ४ कुडव, तूरडाळ १ कुडव, नारळ ६०, सुरण, काटेकणगी, नीरफणस, मुळे, सोलां" आणि अगदी शेवटी "तेफळां २ टांग्यांचीं". तेफळं म्हणजे तिरफळं, सोलां म्हणजे आमसुलं आणि कुडव हे धान्याचं जुनं माप. हा टांगा मात्र घोड्याचा नव्हे. पोर्तुगीज अमदानीतल्या रुपयाचे सोळा टांगे होत. पुढे १९५८ सालची नवी नाणी आली, रुपयाला सहा इस्कुद असा हिशेब सुरू झाला आणि वहीतली तेफळं "१ इस्कुदाचीं" झाली. गोवामुक्तीनंतरच्या पानांवर तीच "२५ न. पै." (नवे पैसे). खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र रसभाजी, तेच, पानंही दोनशेच. आजोबांनी तारखा क्वचितच घातल्या आहेत, पण तेफळांची ओळ बघितली की ते पान कोणत्या राजवटीतलं हे मला कळतं. आता तुम्हीच सांगा, दोन टांग्यांच्या तेफळांचे चमचे किती धरायचे?

हा प्रश्न मी त्यांनाच विचारला होता. लग्न होऊन म्हापशाला गेले, त्यानंतरच्या दुसऱ्या चतुर्थीला माहेरी आले होते. "आज खतखतं तू कर," म्हणाले आणि स्वतः ओसरीवर जाऊन बसले. मी खोबऱ्याच्या वाटणात तेफळंही घातली. आजोबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "तेफळां वाटलीं गो?" नंतर स्वयंपाकघरात येऊन दाखवलं. सुकं तेफळ चिमटीत धरून उघडायचं, आतली काळी बी काढून टाकायची, सालं पेल्याच्या बुडाने नुसती ठेचायची आणि शेवटच्या उकळीला सोडायची. वाटली की कडवट होतात. मग मी टांग्यांचं विचारलं. त्यांनी तळहात खोलगट केला आणि म्हणाले, "इतलीं." मी माझा हात पुढे केला. तो बघून म्हणाले, "तुजो हात ल्हान, दोनदां घे."

पुढच्या चतुर्थीला वही त्यांनी माझ्या हातात दिली, दोघे भाऊ समोर बसलेले असताना. भावांना त्याचं काहीच वाटलं नाही. थोडं वाटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वहीत वाचता येऊनही न कळलेल्या गोष्टी आहेत. एका लग्नाच्या यादीत "बटाटे होलंद" असं आहे. कितीतरी वर्षं मी होलंद हे कोणा व्यापाऱ्याचं आडनाव समजत होते. मग कधीतरी १९५५च्या नाकेबंदीबद्दल वाचनात आलं. भारताच्या बाजूने माल येईना, तेव्हा गोव्यात बटाटे थेट हॉलंडहून बोटीने येऊ लागले. म्हणजे सीमा बंद असताना म्हार्दोळच्या पंगतीत युरोपातल्या बटाट्यांची सुकी भाजी वाढली जात होती! शब्दमर्यादेसाठी तुम्ही पहिल्यांदा नेमका हाच 'होलंद' कापला असता.

वही सांभाळण्याबद्दलही दोन शब्द, कारण तुमच्या आवाहनानंतर घरोघरी कपाटं उघडली जातील. माझ्या भाच्याने प्रेमापोटी एक पान झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं. जुना कागद तापलेल्या रोलरमध्ये दुमडला आणि ती घडी प्लास्टिकमध्ये कायमची बंद झाली. तिच्याखाली सांसवाची (मोहरीच्या वाटणातल्या फळांच्या पदार्थाची) यादी आहे, त्यातली मोहरी किती ते आता कोणालाच वाचता येत नाही. प्लास्टिक सोलायला गेलं तर कागदच येईल. तेव्हा कृपा करून कोणी लॅमिनेशन करू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि वही सुती फडक्यात बांधून ठेवा. आजोबा तशीच ठेवत.

माझी विनंती एवढीच की पाककृती छापताना मूळ माप जसंच्या तसं छापावं. कुडव असेल तर कुडव, टांगा असेल तर टांगा, 'मूठ' असेल तर कोणाची मूठ तेही. वाटी-चमचे हवेतच, तर ते खाली बारीक टायपात द्या, आपला अंदाज म्हणून. आणि जमलं तर दर आठवड्याला एका पानाचा फोटो.

पहिला फोटो मी सोबत पाठवते आहे. मणगण्याचं, म्हणजे चण्याच्या डाळीच्या खिरीचं, पान आहे. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस इथपर्यंत सगळं लागतं. शेवटची ओळ मोडीत आहे, तिच्यातला 'गूळ' तेवढा मी ओळखला. गूळ रसाच्या आधी घालायचा की नंतर, हे बहुधा तिथेच लिहिलेलं आहे, कारण माझं मणगणं तीनदा फाटलं. कोणा वाचकाला ती ओळ लागली तर कळवावी. चौथ्यांदा करेन तेव्हा पहिली वाटी त्यांची.

आपली,
एक वाचक, म्हापसा
(माहेर म्हार्दोळ)