अकराव्या प्रकरणापर्यंत तरी खेळ

प्रिय निखिल,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. 'फायर एम्ब्लेम' मालिकेतला 'एन्गेज' हा चालीचालीने लढायचा व्हिडिओ गेम सातव्या प्रकरणात सोडून दिलंस, याचं मला फार वाईट वाटलं. तुझी तक्रार मात्र खरीच आहे. हजार वर्षांच्या झोपेतून उठलेल्या नायकाला, एलिअरला, आई भेटते, आणि आपली तिच्याशी धड ओळख होण्याआधीच ती मरते. मग तो लांबलेला निरोप. जिची चार वाक्यं ऐकली तिच्यासाठी डोळ्यांत पाणी कुठून आणायचं? खलनायक सोम्ब्रॉन वाईट का, तर कथेला कुणीतरी वाईट लागतो म्हणून. मालिकेतल्या जुन्या वीरांची ताकद देणाऱ्या बारा अंगठ्या गोळा करायच्या, त्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं. कथा म्हणून एवढंच.

त्यात तू मालिकेतल्या आधीच्या 'थ्री हाऊसेस'वरून थेट इकडे आलास. त्यातलं ग्राँडरचं मैदान आठवतं ना? आधी तिथे विद्यार्थ्यांची सरावाची लढाई होते, आणि पाच वर्षांनी त्याच जागी तीन सैन्यं खरीखुरी भिडतात. मधल्या टेकडीवर बर्नाडेटा, त्याच विद्यार्थ्यांपैकी एक, उभी असते आणि तिच्या पायाखालची टेकडी पेटवली जाते. नकाशा तोच आहे, हेच त्या प्रसंगाचं बळ. आपण कुठे उभे होतो, कुठून चढलो, सगळं हाताला आठवत असतं. तिथे कथा आणि खेळ वेगळे काढताच येत नाहीत.

पण असे किती नकाशे होते, सांग. एरवी त्याच त्या मैदानांवर त्याच त्या लढाया. कथेच्या चार वाटांपैकी कुठलीही धर, पहिला निम्मा भाग जवळजवळ सारखाच. दुसऱ्या खेपेला मी लढायांमधल्या, विद्यार्थी राहतात त्या मठातल्या फेऱ्या नुसत्या उरकत होतो आणि लढाई आली की दोन तगडी पात्रं पुढे सोडून मोकळा होत होतो. त्यातल्या राजपुत्र दिमित्रीसाठी जीव तुटायचा, पण त्याची चाल खेळताना विचार करावा लागत नव्हता. हे मी तेव्हा तुला कधी बोललो नाही.

'एन्गेज'ने शस्त्रांचा त्रिकोण परत आणला. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. त्यावर 'ब्रेक'ची भर घातली: वरचढ शस्त्राचा घाव बसला की समोरच्याचं शस्त्र हातून गळून पडतं आणि त्याला उलट वार करता येत नाही. ऐकायला बारीकसा नियम. पण यामुळे कोणी आधी मारायचं हा प्रश्न प्रत्येक चालीत उभा राहतो. नाजूक पात्रसुद्धा कामाचं ठरतं, कारण त्याने नुसतं शस्त्र पाडलं तरी मागच्याला वाट मोकळी होते. आणि हाच नियम शत्रूही तुझ्यावर वापरतो. चिलखती योद्ध्यांना ब्रेक होत नाही, म्हणून लुईसारखा माणूस चिंचोळ्या वाटेत उभा केला की तो खरोखर भिंत होतो.

आता अकरावं प्रकरण. थोडं फोडून सांगतो, त्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही. तोपर्यंत मिळवलेल्या सगळ्या अंगठ्या हिरावल्या जातात. काळ मागे फिरवणारा स्फटिकही जातो. हे केवळ पडद्यावर दाखवून सोडत नाहीत. पुढच्या नकाशावर तुला खरोखरच चूक दुरुस्त करता येत नाही, आणि ज्या ताकदींवर दहा प्रकरणं विसंबून होतास त्या शत्रूकडे आहेत. फक्त पळायचं. काल शत्रू असलेली आयव्ही मदतीला येते आणि लिन व लुसिना यांच्या अंगठ्या हाती ठेवते, तेव्हा मला जो दिलासा मिळाला तो कुठल्याच संवादाने दिला नव्हता.

मी क्लासिकवर खेळत होतो, मेलेला परत येत नाही. लुईला मागे वाट अडवायला ठेवला. दोन चाली त्याने धरल्या, तिसऱ्या चालीला जादूने गेला. पुन्हा सुरू करू शकलो असतो. केलं नाही. बाकीचे सुटले ते त्याच्यामुळे, आणि हे कुठल्याही लेखकाने लिहिलेलं नव्हतं. पुढची सारी प्रकरणं मी त्याची जागा रिकामी असल्याचं जाणवत खेळलो.

कथा पातळ असली तर मी चालवून घेतो, निखिल. तिने पटावर घडलेलं खोटं पाडलं तर मात्र मला सहन होत नाही. याच मालिकेतला 'कॉन्क्वेस्ट' बघ, 2015चा. नकाशे असे की एकेकावर मी अख्खी संध्याकाळ घालवली. बंदर राखायचं असतं, आणि अर्ध्यावर शत्रूचा राजपुत्र टाकुमी समुद्राचं पाणीच आटवतो, मग जिथून कुणी येणार नव्हतं तिथून माणसं चालत येतात. एवढी सुंदर कोंडी! आणि त्याला जोडलेली कथा? आपल्याच बाजूच्या राजा गॅरनचं खरं रूप सगळ्यांना दिसावं म्हणून त्याला होशिडो या शत्रुराज्याच्या सिंहासनावर बसवायचं, आणि त्यासाठी अख्खं होशिडो जिंकायचं. मी जिवापाड खेळलेली प्रत्येक लढाई त्या एका कारणाने पोकळ झाली. तिथे तू रागावला असतास तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो.

या मालिकेला दोन्ही साधता येतं, हे तर 1996मध्येच दिसलं होतं. 'जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर'मध्ये नायक सिगुर्डचं सैन्य विजयी होऊन बेल्हाल्ला इथे स्वागताला म्हणून जातं आणि तिथेच जाळलं जातं. खेळ मात्र पुढे चालू राहतो, मुलांच्या पिढीत. तू ज्यांच्या जोड्या जुळवल्यास त्यांच्याच मुलांच्या हाती त्यांची शस्त्रं आणि कौशल्यं येतात. एखादी तलवार कुणाची होती हे तुला ठाऊक असतं, सांगावं लागत नाही. 'एन्गेज'मध्ये तोच सिगुर्ड अंगठीतून येतो आणि घोड्यावरून लांब पल्ल्याची धाव देतो. त्याच्या दुःखाबद्दल दोन शब्दांपलीकडे काही नाही. ती उणीव मलाही टोचते.

तरी माझ्यासाठी आणखी चार प्रकरणं खेळ. 'हार्ड' ही कठीण पातळी ठेव, क्लासिक ठेव, संवाद नकोसे झाले तर वगळून पुढे जा. अकरावं संपवून, कोण गमावलंस आणि कुठल्या चालीत, ते मला सविस्तर लिही.

तुझाच,
अमेय

ता. क. लुईच्या जवळ जादूला तोंड देणारं कुणीतरी ठेव. मी ठेवलं नव्हतं.