विषय : चेनने घासलेला सिलिंडरचा रॉड आणि तुमचा ‘कलर मारून घ्या’ हा सल्ला

प्रति,
विभागीय व्यवस्थापक,
हेवी मशीन वाहतूक विभाग

बुकिंग १९ जानेवारी. पाटण ते खेर्डी (चिपळूण). २० टनी पोकलेन, एक नग. भाडं ३८,५०० रुपये, सगळं आगाऊ. त्यात मशीन ट्रेलरला चेनने बांधायचे २,५०० रुपये, ‘सेफ्टी लॅशिंग चार्ज’. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज १७ फेब्रुवारी. दुपारी सव्वातीनला तुमच्या ऑफिसशी अकराव्यांदा बोलणं झालं. फोन ठेवल्यावर चहा घेतला, अर्धा तास थांबलो आणि मग लिहायला बसलो, पत्रात शिव्या येऊ नयेत म्हणून. तरी एखादी राहून गेली असेल तर सांभाळून घ्या. तुम्हीही आमचं बरंच सामान सांभाळलंत.

तुमचा धंदाच मशीन वाहण्याचा, तेव्हा लोबेड म्हणजे काय, लॅशिंग म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. मी जमिनीलगतच्या पाठीचा लोबेड सांगितला होता, आला त्याहून उंच पाठीचा सेमी-लोबेड. दुपारी चारला येणार होता, आला रात्री साडेदहाला. मशीनची रुंदी ट्रॅकसकट २.८ मीटर. २.६ च्या वर गेलं की परवानगी लागते, म्हणून मी बुकिंगलाच विचारलं होतं. ‘परमिटचं आम्ही बघतो’ असं उत्तर मिळालं. ड्रायव्हरकडे कागद मागितला तर त्याने बिल्टीच, म्हणजे मालाची पावतीच, दाखवली. सोबत हेल्पर नाही. बिचाऱ्याचे डोळे लाल झालेले, दोन रात्री झोप नव्हती म्हणे. त्याच्यावर माझी तक्रार नाही. त्याला तसा पाठवणाऱ्यावर आहे.

ट्रेलरच्या पाठीवर एक फळी नाही, रबराचा तुकडा नाही, नुसता गुळगुळीत पत्रा. त्यावर लोखंडी ट्रॅक चढवायचे. माझ्या ऑपरेटरने मोबाइलच्या उजेडात फावड्याने ट्रॅकमधली माती खरवडून काढली, कारण दव पडलं की त्याच मातीवरून मशीन घसरते. ट्रेलर बांधाला लावून त्याने मशीन चढवली, मधोमध घेतली, बूम (मोठा हात) खाली, आर्म (पुढचा हात) आत, बकेट आत. बकेटखाली ठेवायला लाकडी स्लीपर मागितला, तोही नाही. शेवटी साइटवरचा सेंटरिंगचा ओंडका आणून घातला. एक्झॉस्टच्या तोंडावर डबाही त्यानेच बांधला. इंजिन बंद असताना वाऱ्याने टर्बो फिरला तर त्याला तेल मिळत नाही, बेअरिंग जातं, एवढं त्याला कळतं. तो दहावी नापास आहे.

आता लॅशिंग, ज्याचे तुम्ही २,५०० घेतलेत. चार कोपऱ्यांना चार चेन लागतात आणि त्या ट्रॅक फ्रेमच्या भोकांत अडकवायच्या असतात. ड्रायव्हरकडे तीनच होत्या. दोन त्याने ट्रॅकच्या प्लेटांत अडकवल्या. तिसरी बूम घाटात उडू नये म्हणून आर्मवरून आडवी टाकली आणि चेन ताणायच्या बाइंडरने करकचून ओढली. बकेट आत घेतलं की बकेट सिलिंडरचा, म्हणजे ऑइलच्या दाबाने बकेट हलवणारा, रॉड पूर्ण बाहेर आलेला असतो. आर्मच्या वर, उघडा. चेन बरोबर त्याच्यावरून गेली. ऑपरेटर म्हणाला, “भाऊ, रॉडवरून नको.” ड्रायव्हर म्हणाला, “रोजचं काम आहे, काही होत नाही.” मग ऑपरेटरने चेनखाली गोणपाटाची घडी सरकवली आणि फोटो काढून ठेवला. फोटोवर वेळ ११ वाजून ४० मिनिटं आहे. तुमच्याकडे तीन वेळा पाठवलाय, या पत्रासोबत चौथ्यांदा जोडतोय.

रात्री हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरून ट्रेलर सकाळी साडेसहाला खेर्डीला आला. गोणपाट घाटातच कुठेतरी गळून पडलं होतं. दोन्ही चेन सैल, एक तर हाताने हलत होती. अख्खी मशीन वीतभर डावीकडे सरकलेली, ट्रॅक ट्रेलरच्या कडेबाहेर. कुंभार्लीच्या वळणावर वीतभर सरकलेली वीस टन मशीन आणखी हातभर सरकली असती तर? समोरून एसटी आली असती तर? दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी थांबवून चेन परत ताणायची असते, हे तुमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही का? हे मी पहिल्याच फोनवर विचारलं होतं. त्यावर आजपर्यंत कुणी चकार शब्द काढलेला नाही. या पत्राचं उत्तर दिलंत तर त्यातही तो नसणार, पैज लावा.

मी रॉड पुसला. नवा रॉड आरशासारखा असतो, त्यात माणसाचं तोंड दिसतं. ग्रीस आणि धूळ फडक्याने काढली आणि अंगठ्याचं नख रॉडच्या लांबीवरून हळूहळू ओढत नेलं. तीन ठिकाणी अडकलं. दोन ओरखडे उथळ. तिसरा पेरभर लांब, आणि त्यात क्रोम उडून खालचं पोलाद काळं दिसत होतं. जिथं नख अडकतं तिथं सिलिंडरच्या तोंडाचं, ऑइल अडवणारं सील फाटतं. बकेट उघड-मीट केलं की तो ओरखडा दर वेळी सीलमधून आत-बाहेर जाणार, करवतीसारखा. मी तिथेच ड्रायव्हरसमोर बिल्टीच्या पोच-प्रतीवर शेरा लिहिला, त्याची सही घेतली. तिसऱ्या दिवशी सिलिंडरच्या तोंडातून ऑइल गळायला लागलं. पाचव्या दिवशी धार. मशीन बंद.

रॉड काढून हार्ड क्रोमसाठी, म्हणजे क्रोमचा थर परत चढवायला, कोल्हापूरला, शिरोली एमआयडीसीत पाठवला. म्हणजे परत तोच घाट चढून. नेणारा टेम्पोवाला कोणी स्पेशालिस्ट नव्हता. त्याने न सांगता रॉड गोधडीत गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि मला विचारलं, “दादा, आडवा ठेवू की तिरका?” त्याने लॅशिंग चार्ज लावला नाही.

आता आजचा फोन. आधीच्या दहांबद्दल लिहीत नाही. त्यात बहुतेक वेळ मी महत्त्वाचा ग्राहक असल्याचं संगीतासह ऐकत होतो. आज मात्र ‘क्लेमचे सिनियर’ लाइनवर आले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता जाणकार माणूस भेटला.

“बोला सर, काय प्रॉब्लेम आहे तुमच्या जेसीबीला?”

म्हटलं, जेसीबी नाही, पोकलेन आहे. ट्रॅकवाली.

“तेच ते. काय झालंय?”

तेच ते! जेसीबी टायरवर स्वतः चालत जाते, तिला तुमची गरजच नसते. पोकलेन रस्त्यावर चालवली तर डांबर उखडतं आणि ताशी पाच किलोमीटरने चिपळूणला पोचायला दिवस मोडतो, म्हणून तर तुमच्यासारख्यांची घरं चालतात. तरी गिळलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं. चेन, रॉड, ओरखडा, सील. ते मधेमधे “अच्छा, अच्छा” म्हणत होते. मागे कुणीतरी वडापाव किती आणायचे विचारत होतं. मग सिनियर म्हणाले,

“म्हणजे स्क्रॅच आलाय.”

हो, रॉडवर.

“सर, स्क्रॅचचा क्लेम नसतो. लोखंडच आहे ना? थोडा कलर मारून घ्या.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, कशाला कलर मारू? “त्या पाइपला.” पाइप! म्हटलं, साहेब, तो सिलिंडरचा रॉड आहे, त्यावर क्रोम असतं, तो सीलमधून आत-बाहेर होतो. त्यावर कलर मारला तर पहिल्याच स्ट्रोकला खरवडून निघेल आणि सील खराब होईल. यावर दोन सेकंद शांतता. मग, “मग चांगल्या कंपनीचा कलर घ्या.” आणि शेवटी, “मशीन पोचली ना वेळेत? पावतीमागे ओनर्स रिस्क छापलंय, म्हणजे जोखीम मालकाची, वाचून घ्या. गुडविल म्हणून पुढच्या बुकिंगला १,५०० डिस्काउंट देतो.”

वेळेतही पोचली नव्हती, पण ते सोडा. २,५०० रुपये सेफ्टी लॅशिंगचे घ्यायचे, लॅशिंगनेच मशीन बिघडवायची आणि १,५०० सूट द्यायची. म्हणजे माझी मशीन बिघडवायचे मी तुम्हाला हजार रुपये दिले, असा हिशेब झाला.

माझा हिशेब असा. हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग १९,५००, सील किट ५,४००, रॉड काढ-घाल मेकॅनिक ६,०००, हायड्रोलिक ऑइल ४,२००, टेम्पो ५,०००. झाले ४०,१००. मशीन पाच दिवस उभी, रोज आठ तास, तासाला १,३०० प्रमाणे ५२,०००. एकूण ९२,१००. बिलं जोडली आहेत. काम देणाऱ्या पार्टीने त्या पाचातल्या चौथ्या दिवशी दुसरी मशीन लावली आणि पुढचं महिन्याचं काम गेलं, ते मी धरलेलं नाही. मनस्तापही धरला नाही.

ओनर्स रिस्कबद्दल. पावतीमागे बारीक अक्षरात काहीही छापलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. २००७ चा कॅरेज बाय रोड अॅक्ट तुमच्या लीगलवाल्यांना दाखवा. त्यात माल खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करायची गरज नाही. त्याखालच्या नियमांत वाहतूकदाराचं दायित्व भाड्याच्या दहापटीपर्यंत धरलंय. मी अडीचपटही मागत नाही. कलम १६ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. त्यातले २९ दिवस तुमच्या फोनवर गेले. हे पत्र म्हणजेच ती नोटीस समजा, पोस्टानेही येतेय. पंधरा दिवसांत ९२,१०० आणि लॅशिंगचे २,५०० परत जमा झाले नाहीत तर वकील बोलेल. माझी एकच मशीन आहे, तीही हप्त्यावर, आणि घर तिच्यावरच चालतं. त्यामुळे ‘व्यावसायिक ग्राहक’ म्हणून ग्राहक आयोगातून सुटाल असंही धरू नका.

सहा वर्षं मी तुमचाच ट्रेलर बोलावतोय. दुसरे चार-पाच हजाराने स्वस्त होते. ‘तुमची मशीन, आमची जबाबदारी’ हे तुमच्या ट्रेलरमागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं वाचून मी इतरांनाही तुमचा नंबर दिला, पाटण-कराडच्या निदान सात-आठ जणांना. त्या सगळ्यांना आजच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलंय. ‘चांगल्या कंपनीचा कलर’ इथे आता म्हण झाली आहे. मघाशी एकाची घागर गळत होती, तर बायको म्हणाली...

असो. विषय सोडून बोलत नाही.

उत्तर लेखी हवंय. फोन करू नका. आणि ट्रेलरवर मशीन वीतभर का सरकली, याचं उत्तर त्यात नसेल तर पत्र पाठवूही नका.

आपला,
(सही)
पोकलेन मालक, पाटण

ता. क. : तिसरी चेन, रॉडवरची, तुमचा ड्रायव्हर घाईत खेर्डीला विसरून गेला. बाइंडरसकट माझ्याकडे आहे. क्रोमची चमक अजून तिच्या दोन कड्यांना लागलेली दिसते. केस संपेपर्यंत ती शेडमध्ये राहील, ओनर्स रिस्कवर.