641 ने भाग जाणारी संख्या

चिरंजीव लेकीस अनेक आशीर्वाद.

एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे सगळे भागाकार न करता कळते का, असे तू विचारले होतेस. उत्तरासाठी 4,29,49,67,297 ही एकच संख्या घेते. दोनचा 32 वा घात करून त्यात एक मिळवला की ती मिळते.

दोनचे 1, 2, 4, 8 आणि 16 हे घात घेऊन प्रत्येकात एक मिळवला, तर 3, 5, 17, 257 आणि 65,537 या संख्या येतात आणि त्या पाचही मूळ आहेत. त्यावरून पुढच्याही सर्व मूळच असणार, असे फ्रेंच गणिती फर्माने 1640 च्या सुमारास पत्रांतून कळवले होते. मात्र 1732 साली स्विस गणिती ऑयलरने दाखवून दिले, की लगेच पुढच्या, म्हणजे आपल्या संख्येला 641 ने निःशेष भाग जातो आणि भागाकार 67,00,417 येतो.

आपल्या संख्येचे वर्गमूळ 65,536 च्या किंचित वर आहे आणि तिथवर साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत, कारण या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक 64 च्या एखाद्या पटीहून एकने मोठा असतो, हे ऑयलरने सिद्ध केले, आणि 1878 साली फ्रेंच गणिती ल्यूकाने 64 च्या जागी 128 आणले. आता उमेदवार पाहा: 129, 257, 385, 513, 641. यांपैकी 129, 385 आणि 513 मूळ नाहीत. 257 मूळ आहे, पण 256 हा त्याहून एकने कमी असल्यामुळे 256 च्या चौथ्या घाताला, म्हणजेच दोनच्या 32 व्या घाताला, 257 ने भागल्यावर बाकी 1 उरते, आणि आपल्या संख्येची बाकी 2 होते. राहिला 641.

त्याने भाग का जातो, हे तर मला फारच सुंदर वाटते. 641 म्हणजे 5 गुणिले 128 अधिक 1, आणि 641 म्हणजेच 625 अधिक 16. पहिल्या रूपावरून 640 चा चौथा घात, म्हणजे 625 गुणिले दोनचा 28 वा घात, 641 ने भागल्यास बाकी 1 उरते. दुसऱ्या रूपामुळे 625 च्या जागी उणे 16 ठेवता येतात. 16 हा दोनचा चौथा घात, म्हणून उणे दोनचा 32 वा घात आणि 1 यांची बाकी सारखीच निघते. तेव्हा दोनच्या 32 व्या घातात एक मिळवला, की बाकी शून्य!

आता 67,00,417 मूळ आहे का, ते तू तपास. त्याचे वर्गमूळ 2,589 च्या आत आहे आणि 128 चा नियम त्यालाही लागू पडतो, त्यामुळे 641, 769, 1,153 आणि 1,409 या चारच संख्यांनी भागून पाहावे लागते. बाक्या अनुक्रमे 44, 120, 334 आणि 622 यायला हव्यात.

तुझी आई