पाऊस मोजणाऱ्या माणसाला शिकवणार कोण?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज तालुकावार पावसाचा तक्ता येतो, आमच्या घरी चहाच्या आधी तो बघितला जातो. पण तो आकडा सकाळी साडेआठला कोण घेतं, कसं घेतं, त्याला ते कोणी शिकवलंय का, यावर कधी काही वाचायला मिळत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. मी जुन्नर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, आता रिटायर आहे, आणि शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचं रीडिंग मी 19 वर्षं घेतलं.

आकडा म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि मग पंचनाम्याचं पुढचं सुरू होतं. म्हणजे 63 आणि 66 मधे फरक फक्त 3 मिमीचा, पण त्या 3 मिमीवर अख्ख्या मंडळातल्या सोयाबीनच्या आणि कांद्याच्या भरपाईचं ठरतं. आणि ते 3 मिमी कशानेही जातात हो, भांडं झाडाखाली असलं, गच्चीवर ठेवलं आणि वाऱ्याने थेंब बाहेर गेले, रविवारी कोणी आलंच नाही म्हणून दोन दिवसांचं पाणी सोमवारी एकदम मोजलं, काहीही.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो, अजून मनाला लागते. एका वर्षी जूनमधे शाळेचा काचेचा मोजग्लास फुटला, दुसरा आणला आणि त्याने मोजायला लागलो. पुढचे सहा आठवडे आमचा आकडा शेजारच्या गावापेक्षा निम्माच यायचा. मी म्हणायचो डोंगराच्या आडोशामुळे असेल, मुलांनाही तसंच शिकवलं!! मग एक दिवस नरसाळ्याला पट्टी लावली, तोंड 11 सेंमीच्या जरासं वर भरलं, म्हणजे क्षेत्रफळ 100 चौरस सेंमी, आणि नव्या ग्लासवरच्या मिमीच्या खुणा होत्या 200 वाल्या नरसाळ्याच्या हिशोबाने. 100 च्या नरसाळ्यात 1 मिमी पाऊस म्हणजे 10 मिली पाणी, 200 च्या नरसाळ्यात तोच 1 मिमी म्हणजे 20 मिली, त्यामुळे ग्लास बदलला की आकडा सरळ अर्धा. बीएस्सी झालेल्या माणसाला हे सहा आठवडे कळलं नाही कारण कोणी कधी दाखवलंच नव्हतं. मग ज्याला बाकीची दहा कामं सांभाळून ऑफिसमधे रीडिंग पण घ्यावं लागतं त्याला दोष कसा द्यायचा?

आणि हे सगळं पुण्यापासून दोन-अडीच तासांवर. शिवाजीनगरला हवामान खात्याची ती दगडी इमारत आहे ना, तिला शिमला ऑफिस म्हणतात कारण खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून तिथे आलं. पाषाणला आयआयटीएम, म्हणजे हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, ती 1962 ची. हवामानाची उपकरणं आपल्याच देशात बनावीत म्हणून ज्यांनी आयुष्य घालवलं त्या अॅना मणी 1948 मधे पुण्यातच रुजू झाल्या, शंभरेक उपकरणांची ड्रॉइंग्ज त्यांनी प्रमाणित करून घेतली. हवामानशास्त्राची राष्ट्रीय सोसायटी 1956 ची, तिची पुण्यात शाखा आहे, शास्त्रज्ञांची लेक्चर्स, परिषदा, ट्रेनिंग चालू असतं, चांगलंच आहे ते. 23 मार्चला जागतिक हवामान दिनी खातं लोकांना दारं उघडतं, मी एकदा नववीची पोरं घेऊन गेलेलो, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या त्या वाट्या फिरताना बघून पोरं हलेनात. पण एसटीचं भाडं काढून सगळ्यांना नाही ना येता येत. आणि जो माणूस रोज ते भांडं उघडतो तो तर या कशातच नसतो.

कोणी म्हणेल आता मंडळामंडळात ऑटोमॅटिक यंत्रं बसलीत, माणसाचं काय काम. पण त्या यंत्रातली भरली की कलंडून पाऊस मोजणारी वाटी पण पानाने, धुळीने, किड्यांच्या घरट्याने अडकते, आणि धो धो पावसात तर ती कमीच मोजते. शेजारी साधं भांडं आणि ते नीट वाचणारा माणूस असला तरच कळणार यंत्र खरं बोलतंय की नाही. शिवाय पाऊस किती तुकड्यातुकड्यात पडतो ते 26 जुलै 2005 ला मुंबईने बघितलंय, सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. भांडी जितकी जास्त तितकं खरं चित्र.

अमेरिकेत कोलोरॅडोमधे फोर्ट कॉलिन्सला 1997 मधे असाच एका भागात भयंकर पाऊस होऊन पूर आला, त्यानंतर 1998 मधे तिथल्या लोकांनी साध्या प्लास्टिकच्या पर्जन्यमापकांवर आपलं जाळं उभं केलं, आज त्यात हजारो साधी माणसं आहेत, शाळेतली पोरं, शेतकरी, म्हाताऱ्या आजी सुद्धा. आधी ट्रेनिंग, मग रीडिंग. पाऊस नाही झाला तर शून्य पण कळवायचं, कारण शून्य ही पण नोंद आहे. मला सगळ्यात आवडलं ते हे की आपण पाठवलेला आकडा नकाशावर स्वतःला दिसतो. मी 19 वर्षं वहीत लिहिलं, त्या आकड्याचं पुढे काय झालं ते एकदाही कोणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मृग लागायच्या आधी, मे महिन्यात, प्रत्येक तालुक्याला एक दिवस पुण्यातल्या जाणकारांनी यावं. सेवेतले येऊ शकत नसतील तर रिटायर झालेले येऊ देत, त्यांच्याकडे तर आयुष्यभराचा अनुभव आहे. भांड्याचा काठ जमिनीपासून 30 सेंमी का, झाड त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब का, ग्लास डोळ्यासमोर धरून पाण्याच्या खालच्या वाकाला कसं वाचायचं, हे हातात भांडं देऊन दाखवावं. तलाठी, कोतवाल, शिक्षक, हौशी शेतकरी सगळे एकत्र बसवावेत, सर्टिफिकेट द्यावं, आणि वर्षाअखेरीस त्यांच्या आकड्यांचं काय केलं ते त्यांना कळवावं.

आमच्या शाळेत यायला कोणी तयार असेल तर हॉल मिळेल, मी हेडमास्तरांशी बोललोय. जेवणाचं गाव बघेल. आजूबाजूच्या मंडळातली माणसं गोळा करणं माझ्याकडे लागलं. आणि ते दोन्ही ग्लास मी जपून ठेवलेत, 100 चा फुटलेला आणि 200 चा चुकीचा, शिकवायला कामी येतील.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. जुन्नर