केंद्रीय करांच्या वाटपावर संसदेत मतदान का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय करांतून राज्यांना मिळणाऱ्या वाट्याची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : महाराष्ट्राने दिलेल्या रुपयातले किती पैसे परत आले? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी राज्यांच्या एकत्रित वाट्यातून महाराष्ट्राला ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के आणि गोव्याला ०.३८६ टक्के ठरवून दिले, त्या आकड्यांवरही याच अंगाने बोलले गेले. ही तक्रार अगदीच निराधार नाही. मात्र मुंबईत भरला जाणारा सगळा प्राप्तिकर मुंबईत कमावलेला नसतो, देशभर धंदा करणाऱ्या कंपन्यांची मुख्यालये तिथे असल्यामुळे तो तिथल्या खात्यात दिसतो, याचा हिशेब मांडणाऱ्यांना सोयीस्कर विसर पडतो. वाटा किती, या वादात तो ठरवतो कोण आणि ठरवताना राज्यांना मत असते का, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. त्या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेची पद्धत आपल्या वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे.

त्या देशात १९९४ पासून नऊ प्रांत आहेत. प्राप्तिकर, मूल्यवर्धित कर, सीमाशुल्क असे सर्व मोठे कर राष्ट्रीय पातळीवर गोळा होतात. प्रांतांना ते लावण्यास राज्यघटनेनेच मनाई केली आहे. या महसुलाची वाटणी कशी व्हावी हे १९९६ च्या राज्यघटनेच्या २१४ व्या कलमात सांगितले आहे, आणि त्यातला पहिलाच दंडक असा की ही वाटणी संसदेच्या कायद्यानेच झाली पाहिजे. त्यामुळे दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर अर्थमंत्री महसूल विभागणीचे स्वतंत्र विधेयक मांडतात. आपल्या वित्त आयोगासारखा एक आयोग तिथेही आहे, तो कायमस्वरूपी आहे आणि आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान दहा महिने आधी त्याने आपल्या शिफारशी द्यायच्या असतात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. तरीही विधेयकासोबत एक निवेदन जोडावे लागते आणि आयोगाच्या शिफारशी कितपत विचारात घेतल्या, वाटपाचे सूत्र कोणते, त्यामागची गृहीतके काय, हे त्यात लिहून द्यावे लागते.

विधेयकाच्या पहिल्या अनुसूचीत केंद्र, प्रांत आणि स्थानिक संस्था यांचे वाटे असतात. दुसऱ्या अनुसूचीत प्रत्येक प्रांतापुढे त्याची रक्कम. प्रांतांच्या वाट्याचे रूढ सूत्रही उघड आहे : ४८ टक्के भार शिक्षणाला, २७ टक्के आरोग्याला, १६ टक्के निव्वळ लोकसंख्येला, ५ टक्के सर्व प्रांतांना सारखे, ३ टक्के दारिद्र्याला आणि अवघा १ टक्का आर्थिक उत्पादनाला. जोहान्सबर्ग ज्या गाउटेंग प्रांतात आहे त्याची स्थिती आपल्या महाराष्ट्रासारखीच आहे. देशाच्या अर्थव्यवस्थेत त्याचा वाटा सर्वांत मोठा, पण ‘आम्ही कमावतो’ या युक्तिवादाला सूत्रात मिळालेले वजन एवढेच.

पुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. राष्ट्रीय सभेने विधेयक संमत केले की ते प्रांतांच्या राष्ट्रीय परिषदेकडे, म्हणजे दुसऱ्या सभागृहाकडे जाते. तिथे या विधेयकावर सदस्य व्यक्तिशः मत देत नाहीत. प्रत्येक प्रांताला एक मत असते आणि ते कसे द्यायचे हे त्या प्रांताचे विधिमंडळ ठरवते. प्रतिनिधी आपल्या विधिमंडळात जाऊन विधेयक समजावून सांगतात, समितीत सुनावणी होते, आधी वाटाघाटींसाठी आणि मग अंतिम मतासाठी लेखी आदेश घेऊन ते परत येतात. लोकसंख्येने सर्वांत मोठ्या गाउटेंगला एक मत आणि सर्वांत विरळ वस्तीच्या नॉर्दर्न केपलाही एकच. नऊपैकी पाच मते मिळाली तर विधेयक संमत होते. दोन्ही सभागृहांचे जमले नाही तर मध्यस्थी समिती बसते, आणि तिथेही तोडगा निघाला नाही तर राष्ट्रीय सभेला ते दोन तृतीयांश बहुमताने पुन्हा संमत करावे लागते.

आता आपल्याकडे पाहा. अनुच्छेद २८० खाली वित्त आयोग नेमला जातो. त्याच्या शिफारशी विचारात घेऊन राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळ, अनुच्छेद २७० खाली आदेश काढतात. अनुच्छेद २८१ प्रमाणे अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन संसदेच्या पटलावर ठेवले जाते. पटलावर ठेवले की घटनेची अट पुरी झाली. त्यावर मतदान सोडाच, चर्चाही बंधनकारक नाही. राज्यांचा करवाटा भारताच्या संचित निधीचा, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीचा, भागच मानला जात नाही, त्यामुळे अनुदानाच्या मागण्यांमध्येही तो मतास येत नाही. पहिल्या वित्त आयोगाने, म्हणजे नियोगी आयोगाने, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्राप्तिकराच्या वाटपात ८० टक्के भार लोकसंख्येला आणि २० टक्के वसुलीला दिला होता; पुढे वसुलीचा निकष गेला, उत्पन्नातील तफावतीचा आला, वनक्षेत्राचा आला, तरी राष्ट्रपतींच्या आदेशाने होणाऱ्या या वाटपावर संसदेचा कौल कधी घेतला गेला नाही.

कायद्याने वाटणी करणे आपल्याला परके आहे असेही नाही. मूळ घटनेच्या अनुच्छेद २७२ प्रमाणे केंद्रीय उत्पादन शुल्कात राज्यांना वाटा द्यायचा तर तो संसदेने कायदा करूनच देता येत असे, आणि त्यासाठी वेळोवेळी वाटप कायदे झाले. २००० सालच्या ८० व्या घटनादुरुस्तीने जवळजवळ सर्व केंद्रीय करांचा एकच विभाज्य निधी, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायची एकत्रित रक्कम, केला. ही सुधारणा राज्यांच्या हिताचीच होती, कारण वाट्यात अधिक करांचा समावेश झाला. मात्र त्याच दुरुस्तीने अनुच्छेद २७२ गळला आणि त्याबरोबर संसदेचा हा छोटासा अधिकारही गेला. उपकर आणि अधिभार तेव्हा विभाज्य निधीबाहेरच राहिले, त्याची किंमत राज्ये आजवर मोजत आहेत. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतील आणखी एक तरतूद सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रांताचा वाटा वेळेवर आणि कोणतीही कपात न करता द्यावा, असे तिथे २२७ वे कलम सांगते. प्रांताने आर्थिक शिस्तीचा गंभीर भंग केला तर राष्ट्रीय कोषागार निधी रोखू शकते, पण एका वेळी १२० दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि ३० दिवसांत संसदेची मंजुरी मिळाली नाही तर तो निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होतो. मंजुरीआधी महालेखापरीक्षकाचा अहवाल यावा लागतो आणि प्रांताला समितीपुढे बाजू मांडू द्यावी लागते. आपल्याकडे केंद्रपुरस्कृत योजनांचे हप्ते पत्रव्यवहारात अडकतात, आणि समग्र शिक्षा अभियानाच्या निधीसाठी तामिळनाडूला २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. करवाटा आणि योजनांचा निधी या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण राज्याचा पैसा थांबवण्याआधी राज्याचे म्हणणे ऐकून घेण्याची जागा संसद असावी, हे तत्त्व दोन्हींना लागू पडते.

तिथले सगळे आदर्श आहे असे मात्र मुळीच नाही. प्रांतांचे स्वतःचे उत्पन्न नगण्य असल्यामुळे ते केंद्राच्या दारातच उभे असतात, आणि २०२४ पर्यंत एकाच पक्षाचे बहुमत असताना हे विधेयक बहुतेक वेळा सरकारला हवे तसेच संमत होई. शिवाय दरवर्षी कायदा म्हणजे दरवर्षी अनिश्चितता. २०२५ मध्ये मूल्यवर्धित करवाढीवरून सत्ताधारी आघाडीतच भांडण जुंपले, तेव्हा महसूल विभागणीचे विधेयकही मागे घेऊन नव्याने मांडावे लागले. आपल्या पाच वर्षांच्या निवाड्यातले स्थैर्य मला टाकून द्यायचे नाही. पाच वर्षांतून एकदाच, आयोगाचा अहवाल आल्यावर, वाटपाचे सूत्र विधेयकाच्या रूपात यावे आणि त्यावर राज्यसभेचे मत निर्णायक असावे, इतकीच अपेक्षा आहे. ते धन विधेयक म्हणून मांडले, तर राज्यसभेला चौदा दिवसांत ते परत करण्यापलीकडे काही करता येणार नाही आणि सगळा खटाटोप फुकट जाईल.

यासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि ती लगेच होणार नाही, हे उघड आहे. तोवर निदान चर्चा तरी व्हावी. आयोगाचा अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन विचारात घ्यावे, असा प्रस्ताव राज्यसभेच्या नियम १६७ खाली कोणताही सदस्य देऊ शकतो, आणि महाराष्ट्राचे तिथे १९ सदस्य आहेत. त्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र सूचना द्यावी, आणि तत्पूर्वी राज्याच्या विधिमंडळाने दोन दिवस या एकाच विषयासाठी काढून आपले म्हणणे ठरावाच्या रूपात त्यांच्या हाती द्यावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर