कोयनेची गोष्ट माझ्या दुसऱ्या पेपरात आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "ताई, विषय बदलून मराठी साहित्य घेतेस का? दादा म्हणतो, पुष्कळ मुलं त्याच्यावर निघतात." मेस बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून "नाही बदलत" एवढंच म्हणून फोन ठेवावा लागला. दादाचं म्हणणं मायेपोटीच आहे. पण यूपीएससीसाठी घेतलेला मानववंशशास्त्र हा विषय मी का सोडत नाही, हे दोन वाक्यांत सांगता येणार नाही, म्हणून पत्र लिहिते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा. यात तुमच्या दोघांबद्दल बरंच आहे.

आधी परीक्षेचा हिशेब, कारण पैसे तुम्ही पाठवता आणि ते कशासाठी जातात हे तुम्हाला कळलंच पाहिजे. यूपीएससीची लेखी मुख्य परीक्षा १७५० गुणांची असते. त्यातले ५०० वैकल्पिक विषयाचे, २५० चे दोन पेपर. प्रत्येक पेपरला तीन तास. आठ प्रश्नांतले पाच सोडवायचे. पहिला आणि पाचवा सक्तीचा, त्यांत दहा-दहा गुणांच्या टिपा. मराठीतून लिहायची मुभा आहे, पण प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते आणि या विषयाची चांगली पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच आहेत. म्हणून मी इंग्रजीत वाचते, मराठीत नोट्स काढते आणि रोज दोन उत्तरं वेळ लावून लिहिते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिथंही हा विषय घेता येतो, तेव्हा केलेला अभ्यास वाया जाणार नाही. एवढं सांगितलं की दादाच्या शंकेचं उत्तर झालं. माझं खरं उत्तर यापुढे आहे.

पहिल्या पेपरात माणसाच्या शरीराचा भाग येतो: उत्क्रांती, वानरकुळं, हाडं, अनुवंशशास्त्र. त्यात मुलांच्या वाढीवर एक पाठ आहे. वाढ मोजण्याच्या दोन पद्धती त्यात सांगितल्या आहेत. एकीत वेगवेगळ्या वयाची पुष्कळ मुलं एकाच वेळी मोजायची. दुसरीत तीच मुलं पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं मोजत राहायची. दुसरी पद्धत अवघड, कारण मुलं गाव सोडून जातात, मोजणारी माणसं बदलतात, नोंदी तुटतात. पण एखादं मूल नेमकं कधी खुंटलं हे तिच्यातूनच कळतं. आई, हे वाचताना मला तुझी अंगणवाडी दिसली. आढ्याला टांगलेला वजनकाटा, रडणारं पोर झोळीत घालताना तू त्याच्याशी करायचीस ती बडबड, आणि खाकी पुठ्ठ्याची नोंदवही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून देशभर तुझ्यासारख्या बायका दरमहा हेच काम करत आल्या आहेत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित धरायचं, हे मला क्लासमध्ये शिकावं लागलं नाही. ती पट्टी तू माझ्याच दंडाला लावून बघायचीस.

आणि एक गोष्ट मला तुझ्या वहीमुळेच कळली, पुस्तकात ती नव्हती. कातकरवाडीतल्या मुलांच्या रकान्यात दिवाळीनंतरचे महिने कोरे असायचे. लहानपणी मी विचारलं, तर तू म्हणालीस, "भट्टीवर गेली." उचल घेऊन आई-बाप वीटभट्टीवर गेले की पोरं बरोबर जायची, आणि पावसाच्या तोंडावर परत आली की वजन उतरलेलं. तू प्रत्येक वर्षी त्या कोऱ्या रकान्यांसमोर पेन्सिलीनं "स्थलांतरित" लिहायचीस. वाढीचा प्रश्न आला की मी पाठ्यपुस्तकातली आकृती काढते आणि उदाहरण म्हणून हे लिहिते. माझे शिक्षक म्हणाले, हे उदाहरण दुसऱ्या कुणाच्या पेपरात सापडणार नाही. ते तुझं आहे, आई.

नातेसंबंधांच्या प्रकरणात तर तुम्ही दोघंही आहात. इरावती कर्व्यांचं नाव बाबांनी ऐकलंच असेल. त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट केली. त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर यांचं गृहीतक असं होतं की युरोपीय माणसाची कवटी इतरांहून वेगळी. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाच्या विरोधात. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी देशभरच्या नात्यांचा अभ्यास केला. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारताचे चार विभाग केले आहेत: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे पाप, दक्षिणेत ते पसंतीचं. आपल्याकडे दोन्ही रीती एकत्र नांदतात. मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा करत नाहीत.

आई, तू बाबांच्या मामाची मुलगी. आजवर हे मी घरातली एक साधी गोष्ट म्हणून ऐकत आले. आता विचारते: तुमचं लग्न तसं का जुळलं? मोठी आत्या म्हणायची, "धरणानं सोयरे पांगवले, मग पोरगी आणायची कुठून? मामाच्याच घरी बघितलं." जिथं सोयरीक होत होती ती गावं कोयना धरणाच्या पाण्याखाली गेली, कुणी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात आलं, कुणी ठाण्याला, कुणी सांगलीकडं, कुणी सोलापुराकडं. मग ओळखीतलं एकच घर उरलं. म्हणजे तुमच्या लग्नात रीत होती तेवढंच धरणही होतं. माझ्या मते हा एक निबंधाचा विषय आहे. (आणि आई, अनुवंशशास्त्राच्या पाठात आते-मामे भावंडांच्या मुलांना आई-बाप दोघांकडून एकच जनुक मिळण्याची शक्यता म्हणून १/१६ असा आकडा येतो, तो वाचून घाबरायचं कारण नाही. आम्ही भावंडं धडधाकट आहोत.)

बाबा, आता कोयना. दुसरा पेपर भारतावर असतो आणि त्याचा मोठा भाग आदिवासींचा. त्यात विकासामुळे होणारं विस्थापन हा मुद्दा येतोच. क्लासच्या नोट्समध्ये नर्मदा असते, हिराकूड असते. मी वाचनालयात आणखी शोधलं तेव्हा कळलं की इरावतीबाईंनी शेवटच्या वर्षांत, लेक जाई निंबकर हिला बरोबर घेऊन, कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी केली होती. डेक्कन कॉलेजनं ती १९६९ साली छापली. आपल्याच माणसांची पाहणी. मी अभ्यासिकेत बसून वाचत होते आणि डोळ्यांना पाणी यायचं थांबेना. आपण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो असं घरात मी नेहमी ऐकलं. तरी एक बाई आणि तिची लेक आपल्या माणसांपर्यंत पोचल्या होत्या आणि विचारत होत्या, तुमचं काय झालं.

जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनाचे आठ धोके सांगितले आहेत. जमीन जाते, काम जातं, घर जातं, माणूस कडेला पडतो, अन्नाची शाश्वती जाते, आजार वाढतात, सामायिक गायरान-जंगल-पाणी तुटतं आणि माणसांचं जाळं विस्कटतं. विद्यार्थी हे आठ मुद्दे पाठ करतात. मी ते तुमच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींच्या क्रमानं लक्षात ठेवले आहेत. आजोबांची नदीकाठची भातखाचरं गेली आणि बदल्यात गवताळ माळ मिळाला. नव्या पाण्यानं पहिल्या पावसाळ्यात माणसं आजारी पडली. ग्रामदैवत उचलून आणलं, पण पालखीला खांदा द्यायला भावकी पुरी पडेना. काही भावकी तिथंच डोंगरावर वर सरकली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्यांची घरं पडली. ज्या धरणाची वीज मुंबईला गेली, त्याच्या माणसांच्या नव्या वस्तीत दिवा यायला किती वर्षं लागली, हे तुम्हीच मला सांगितलं आहे.

तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा, म्हणजे मोबदला देऊन मोकळं व्हायचं. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा १९७६ चा, केंद्राचा २०१३ चा. तुमच्या ट्रंकेतला प्रकल्पग्रस्त दाखला कुठून आला, ती सगळी वाट मला आता माहीत आहे.

इथवर लिहिलेलं तुम्हाला आवडेल. पुढचं थोडं जड आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याला मिळालेला तो माळ मोकळा नव्हता. आत्यानंच सांगितलं होतं की आपण आलो तेव्हा तिथं कातकरी गवत कापायचे, कंद खणायचे, उंदरांची बिळं उकरायचे. आपली शेतं झाली, बांध पडले आणि त्यांचं येणं बंद झालं. आपली नोंद धरणग्रस्त म्हणून झाली. आपल्यामुळे ज्यांचं रान गेलं त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही. त्यांच्या नावावर मुळात काही नव्हतं, मग गेलं असं कोण लिहिणार? यात आजोबांचा काडीचा दोष नाही, त्यांना ती जागा सरकारनं दाखवली. पण जो हिशेब आपण आयुष्यभर सरकारकडे मागितला, तोच हिशेब कातकरवाडीला कुणीतरी द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

देशात ७५ जमाती विशेष असुरक्षित म्हणून गणल्या जातात. महाराष्ट्रातल्या तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे आईच्या नोंदवहीतली ती मुलं राष्ट्रीय यादीतली आहेत आणि त्यांच्या नावापुढे "स्थलांतरित" लिहिलेलं आहे. या लोकांचं काय करायचं यावर जुना वाद आहे. इंग्लंडहून येऊन मध्य प्रांतातल्या गोंड-बैगांमध्ये राहिलेल्या व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये सुचवलं होतं की बैगांसाठी राखीव मुलूख असावा, बाहेरच्यांचा त्रास तिथं होऊ नये. आपल्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, मुंबई विद्यापीठाचे मोठे समाजशास्त्रज्ञ, यांनी १९४३ मध्ये म्हटलं की हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना समाजात सामावून घ्यावं. परीक्षेत दोन्ही बाजू मांडून तिसरी वाट लिहायची असते आणि मी ती लिहिते. मनातलं विचाराल, तर मला दोघांचंही पटत नाही. त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनीच ठरवायचं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

२००६ चा वन हक्क कायदा मला यापेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि नंतर स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभा देऊ लागली. आपल्या रायगडात दळीच्या जमिनी आहेत, इंग्रजांच्या काळापासून कातकरी-ठाकरांनी कसलेल्या. त्यांचेही दावे याच कायद्याखाली येतात. ग्रामसभेकडून दावा उपविभागीय समितीकडे जातो, तिथं अध्यक्ष प्रांताधिकारी. मग जिल्हा समितीकडे, तिथं अध्यक्ष कलेक्टर. त्या खुर्चीतल्या माणसानं दाव्याचा कागद कसा वाचायचा, म्हातारीची साक्ष पुरावा म्हणून धरायची की नाही, यावर घरंच्या घरं उभी राहतात किंवा बसतात. बाबा, मला ती खुर्ची हवी आहे ती यासाठी. दिव्याच्या गाडीचं सगळे बोलतात, माझ्या डोळ्यांसमोर ते दावे असतात. दुसरा कुठला विषय घेतला असता तर मार्क कदाचित मिळाले असते, पण हे दिसलं नसतं.

आता तुमच्याकडे एक मागणं. बाबा, तुम्ही तेव्हा कडेवर होतात, पण मोठ्या आत्याला सगळं आठवतं आणि तिचं वय झालं आहे. येत्या रविवारी तिच्याकडे जा आणि धाकट्याच्या मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. विचारायचं ते असं: गावात कुणाची किती घरं होती, बलुतं कुणाला किती जायचं, सोयरीक कुठल्या गावांत व्हायची, निघताना काय बरोबर आणलं आणि काय सोडलं, आणि इथं आल्यावर माळावर कोण कोण यायचं. शेवटचा प्रश्न गाळू नका. तिला मध्ये थांबवू नका, तिची गाणी आली तरी येऊ द्या. आई, तू बरोबर जा, तुझ्यासमोर ती मोकळी बोलते. तुझ्या जुन्या नोंदवह्या कार्यालयात जमा झाल्या असतील, पण तुझी स्वतःची टिपणवही असेल तर ती वाळवी लागू न देता डब्यात ठेव.

लग्नाचं स्थळ आलं आहे असं आई म्हणाली. त्यांना सांगा की मुख्य परीक्षेपर्यंत मी कुणाला भेटणार नाही, नंतर भेटेन. थांबणारी माणसं असतील तर थांबतील.

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. मला परीक्षा आहे म्हणून तर मुळीच नाही. माझी एक मैत्रीण पनवेललाच राहते, तिनं दवाखान्यात सोबत यायचं कबूल केलं आहे. कॉटचं भाडं या महिन्याचं भरलं, जादा पाठवू नका. तांदळाची पिठी मात्र पाठवा, इथली चांगली नसते.

तुमची,
ताई